अमेरिकेतलं काउंटीचं गाव कसं समजून घ्यायचं: फेअरफील्ड, आयोवा

फेअरफील्डच्या महर्षी विद्यापीठात शिकायला येणारी आपली मुलं आठ-नऊ महिने इथे काढतात, मग नोकरी लागली की दोन बॅगा उचलून डॅलस नाहीतर शिकागो गाठतात, आणि नंतर कधी भेटली आणि विचारलं गाव कसं होतं, तर उत्तर ठरलेलं असतं, "तिथे काही नव्हतंच हो, सगळीकडे नुसता मका." मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं. कारण गाव कसं बघायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी गेली अकरा वर्षं याच भागात राहते. माझे बाबा तलाठी होते, त्यामुळे दप्तर, उतारा, फेरफार हे शब्द लहानपणापासून कानावर, आणि इथल्या कोर्टहाउसमध्ये, म्हणजे काउंटीच्या कचेरीत, पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरच्या मागची जाडजूड रजिस्टरं बघून एकदम माहेरी आल्यासारखं झालं. तेव्हापासून कुणी नवीन आलं की मी त्यांना एक-दोन दिवस सोबत घेऊन फिरवते. सगळ्यांना फिरवणं जमत नाही म्हणून हे लिहितेय. उदाहरण फेअरफील्डचं आहे, पण तुम्ही कॅन्सस, ओहायो, इंडियाना कुठल्याही छोट्या काउंटी सीटला असाल तरी रीत हीच आहे, नावं तेवढी बदलतील.

आधी काउंटी सीट म्हणजे काय ते

आपलं तालुक्याचं गाव डोळ्यासमोर आणा. तहसील कचेरी, कोर्ट, ट्रेझरी, जमिनीचं दप्तर, आठवड्याचा बाजार, आणि आजूबाजूच्या खेड्यातली माणसं कामाला येऊन संध्याकाळी परत जाणारी. काउंटी सीट म्हणजे साधारण तेच. आयोवा राज्यात ९९ काउंट्या, म्हणजे आपल्या तालुक्यांसारखे भाग, आहेत, त्यातल्या ली काउंटीला दोन सीट आहेत म्हणून अशी गावं शंभर. फेअरफील्ड हे जेफरसन काउंटीचं. काउंटी १८३९ साली झाली आणि त्याच वर्षी हे गाव सीट म्हणून ठरलं. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ९,४१६ होती, आणि सगळी काउंटी धरली तरी साडेपंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपला तहसीलदार बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. इथे जमिनीचे दस्त सांभाळणारा रेकॉर्डर, कर घेणारा ट्रेझरर, निवडणुका आणि हिशोब बघणारा ऑडिटर, पोलिसांचा प्रमुख शेरीफ, सरकारी वकील, सगळे काउंटीतून निवडून आलेले असतात, आणि वर कारभार बघायला तीन सुपरवायझर, तेही निवडून आलेले. त्यामुळे काउंटरच्या पलीकडचा माणूस बहुतेक वेळा इथेच शाळेत गेलेला असतो, आणि तुम्ही एक प्रश्न विचारला तर तो तीन गोष्टी सांगतो. याचा फायदा घ्या.

पहिला दिवस: चौक, आणि मान वर करून

गाडी लांब लावा आणि चौकात पायी जा. अमेरिकेतल्या बऱ्याच काउंटी सीटमध्ये चौकाच्या मधोमध कोर्टहाउस असतं आणि चारी बाजूंनी दुकानं. फेअरफील्डला मधे बाग आहे, सेंट्रल पार्क, आणि कोर्टहाउस चौकापासून थोडं उत्तरेला, ब्रिग्ज अव्हेन्यूवर. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीचं दगडी-विटांचं भारदस्त काम आहे, गोलाकार कमानी, जाड भिंती. त्या काळात मक्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या काउंट्यांनी अशीच कोर्टहाउसं बांधली, आपली काउंटी टिकणार आहे, सीट दुसऱ्या गावाला जाणार नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. सीट पळवापळवीची भांडणं त्या काळी फार व्हायची, म्हणजे तालुक्याचं ठिकाण बदलायचं ठरलं तर आपल्याकडे जे होईल तेच.

चौकात दुकानांच्या पाट्या बघू नका, त्या दर पाच वर्षांनी बदलतात. मान वर करा आणि दुसऱ्या मजल्याच्या वर जिथे भिंत संपते तिथे बघा. तिथे विटांमध्ये नाहीतर दगडात बांधल्याचं साल आणि मालकाचं नाव कोरलेलं सापडतं. खाली आज योगा स्टुडिओ असेल, वर १८८० किंवा ९० चं साल असेल. मग त्याच इमारती जुन्या नकाशात शोधा. आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांसाठी सॅनबॉर्न कंपनीने अमेरिकेतल्या गावांचे घर-घर दाखवणारे नकाशे काढले होते, विटांचं बांधकाम गुलाबी, लाकडी पिवळं, आणि आत काय होतं तेही लिहिलेलं, घोड्यांचा तबेला, छापखाना, किराणा. ते नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट बघायला मिळतात. फोनवर नकाशा उघडून चौकाला एक फेरी मारा, घाई करू नका. माझ्यासोबत आलेल्या एका मुलीने अशीच फेरी मारली आणि ती रोज जिथे कॉफी प्यायची त्याच्या मागच्या गल्लीत नकाशावर सगळे पिवळे चौकोन होते, म्हणजे लाकडी शेड्स, आणि आज तिथे नुसती पार्किंगची डांबरी जागा. ती बराच वेळ तिथे उभी होती.

दुसरा दिवस: कोर्टहाउसच्या आत

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका हाच सोडतात, कारण सरकारी ऑफिसात काम नसताना कसं जायचं असं आपल्याला वाटतं. जायचं. जमिनीचे दस्त इथे सगळ्यांना खुले आहेत. तुम्ही कोण, कशाला पाहिजे, असं कुणी विचारत नाही, व्हिसा कुठला तेही नाही. तसंही आयोवात ड्रायव्हिंग लायसन्सचं काम बहुतेक काउंट्यांमध्ये ट्रेझररच्या ऑफिसात होतं, म्हणजे तुम्हाला कोर्टहाउसची पायरी कधी ना कधी चढायचीच आहे, त्याच फेरीत रेकॉर्डरकडे जा.

काय मागायचं ते सांगते. तुम्ही ज्या घरात भाड्याने राहता त्या घराचा पत्ता सांगा आणि त्या जागेचं कायदेशीर वर्णन मागा. मग त्यावरून मागे मागे जायचं. रजिस्टरांच्या सूची दोन असतात, एक विकणाऱ्याच्या नावाने आणि एक घेणाऱ्याच्या नावाने. आपल्या खरेदीखतात "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" असतात ना, अगदी तेच. आजचा मालक "लिहून घेणार" मध्ये शोधा, त्याला कुणी दिली ते नाव मिळेल, मग ते नाव पुन्हा "लिहून घेणार" मध्ये शोधा, असं करत करत शंभर-दीडशे वर्षं मागे जाता येतं. दुपार जाते, पण गाव कळायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

जुन्या दस्तात काय बघायचं? किंमत बघा. "एक डॉलर आणि प्रेमापोटी" असं लिहिलेलं असेल तर ती खरेदी नाही, बापाने मुलाला किंवा आईने मुलीला दिलेली जमीन आहे, आपलं बक्षीसपत्र. शेवटची सही बघा. जुन्या काळी नवऱ्याने जमीन विकली तर बायकोलाही सही करून आपला हक्क सोडावा लागायचा, म्हणून तिचं नाव वेगळं येतं, आणि कधी कधी त्या नावाच्या मधोमध एक फुली असते आणि कारकुनाने फुलीच्या वर-खाली "तिची" आणि "खूण" असं लिहून ठेवलेलं असतं. ती फुली मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बाबांच्या दप्तरातलं "नि. डा. हा. अं." आठवलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शाई तपकिरी झालेली, कारकुनाचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्यात त्या बाईची ती वाकडी फुली, एक रेघ लांब आणि एक आखूड, जोर देऊन काढलेली.

१९३० च्या आसपासची पानं आली की सावकाश वाचा. खरेदीखतांच्या जागी शेरीफने केलेले लिलाव दिसायला लागतात, गहाणखतं फिटलेली नाहीत, बँकेच्या आणि विमा कंपन्यांच्या नावावर शेतं गेलेली. १९८० च्या दशकात पुन्हा तेच, तेव्हाचं शेतीचं संकट आयोवाला फार लागलं होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे वाचताना कुठलंही भाषांतर लागत नाही.

जमिनीचं वर्णन वाचायला शिका, हे दहा मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे चतुःसीमा लागते, पूर्वेस अमक्याचा बांध, पश्चिमेस ओढा. इथे सरकारने आधी सगळी जमीन मोजली आणि मग विकली. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव भाग १६० एकर, त्याचा पुन्हा पाव भाग ४० एकर. त्यामुळे "आग्नेय पावातला वायव्य पाव, सेक्शन अमुक" एवढं लिहिलं की ४० एकरांचा चौकोन पक्का झाला, शेजारी कोण आहे सांगायची गरजच नाही. विमानातून आयोवा चौकटीच्या वहीसारखा का दिसतो त्याचं उत्तर हेच.

आणि जेव्हा मागे जात जात शेवटच्या दस्ताला पोचाल तेव्हा तिथे लिहून देणार म्हणून अमेरिकेचं सरकार असेल. १८४० च्या दशकात सरकारी जमिनी विकायचं ऑफिसच फेअरफील्डला होतं, भाव एकरी सव्वा डॉलर, म्हणजे ४० एकर ५० डॉलरला. या पहिल्या विक्रीचे कागद केंद्र सरकारच्या लँड ऑफिस रेकॉर्ड्सच्या साइटवर फुकट आहेत.

तिथे थांबू नका. सरकारकडे ती जमीन कुठून आली हे विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. ही सगळी भूमी सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांची. १८३२ च्या, सॉकांचा पुढारी ब्लॅक हॉक याच्या लढाईनंतर त्यांच्याकडून मिसिसिपीच्या पश्चिमेचा पट्टा लिहून घेतला, मग १८३७ साली अजून एक, आणि १८४२ च्या कराराने उरलेलं. रेकॉर्डरच्या रजिस्टरात त्यांची एकही सही नाही. पण मेस्क्वाकी लोकांनी १८५७ साली स्वतःचे पैसे जमवून टामा काउंटीत ८० एकर विकत घेतले, आपल्याच मुलखात जमीन विकत घेऊन परत आले, आणि आजही तिथे राहतात. हे मला फार मोठं वाटतं आणि फेअरफील्ड बघायला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतेच.

एक सूचना अनुभवाची. एका दुसऱ्या काउंटीत मी सव्वाचारला पोचले, दोन तास गाडी चालवून, आणि ऑफिस साडेचारला बंद, तिथल्या बाईने रजिस्टर काढून द्यायलाही नकार दिला आणि परत सोमवारी या म्हणाली. शुक्रवार होता. तेव्हापासून मी सकाळीच जाते आणि आदल्या दिवशी फोन करून ठेवते. कॉपीसाठी सुटे पैसे ठेवा आणि फोटो काढायचा असेल तर विचारून काढा.

लायब्ररी आणि म्युझियम

फेअरफील्डचं जुनं लायब्ररीचं घर म्हणजे एक खास गोष्ट आहे. पोलादवाले अँड्र्यू कार्नेगी यांनी पुढे देशभर लायब्रऱ्या बांधून दिल्या, पण सुरुवातीला ते जिथे स्वतःचा काही संबंध आहे अशाच गावांना पैसे द्यायचे. असा काही संबंध नसताना ज्या गावाला त्यांनी पहिल्यांदा पैसे दिले ते फेअरफील्ड, साल १८९२. त्यामागे होते इथलेच सिनेटर जेम्स विल्सन. हे तेच विल्सन ज्यांनी १८६३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या संसदेत गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीचा एक ठराव मांडला होता, तेव्हा ते न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. लायब्ररी आता नव्या इमारतीत गेली आहे आणि जुन्या कार्नेगी इमारतीत म्युझियम आहे. आधी म्युझियमला जा, मग नव्या लायब्ररीत.

लायब्ररीत गेल्यावर जुनी वर्तमानपत्रं मागा. इथलं फेअरफील्ड लेजर १८४९ पासूनचं. पण मोठ्या बातम्या शोधू नका, त्या कुठल्याही पुस्तकात मिळतात. आतल्या पानावरच्या बारीक बातम्या वाचा, अमक्या बाई बहिणीकडे बर्लिंग्टनला जाऊन आल्या, तमक्याच्या घोड्याचा पाय मोडला, डुकरांचा भाव काय, चर्चमध्ये रविवारी जेवण आहे. आणि जाहिराती. दहा अंक वाचलेत की त्या वर्षीचं गाव तुमच्या ओळखीचं होतं.

मग १८५४ चा ऑक्टोबर काढा. आयोवा स्टेट फेअर, म्हणजे राज्याची जत्रा म्हणा नाहीतर कृषी प्रदर्शन म्हणा, आज दे मॉइनला भरते आणि दहा लाखांच्या वर माणसं येतात, ती सगळ्यात पहिल्यांदा भरली फेअरफील्डमध्ये, २५ ते २७ ऑक्टोबर १८५४, सहा एकरांच्या आवारात. तेव्हा इथे रेल्वेसुद्धा नव्हती, ती १८५८ ला आली. लोक बैलगाड्या, घोडागाड्या घेऊन, वाटेत मुक्काम करत आले. बायकांची घोडेस्वारीची स्पर्धा ठेवली होती आणि लोकांचं मन जिंकलं आयोवा सिटीहून आलेल्या १३ वर्षांच्या मुलीने. पुढच्या वर्षीची जत्राही इथेच झाली आणि मग ती फिरत फिरत दुसऱ्या गावांना गेली.

रेल्वेचं निघालं म्हणून सांगते, शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी झेफर गाडी आजही गावातून जाते पण थांबत नाही. तुम्हाला बसायचं असेल तर माउंट प्लेझंट नाहीतर ओटम्वाला जावं लागतं. पाहुणे येणार असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा.

गावात काय बनायचं ते शोधा

प्रत्येक काउंटी सीटमध्ये एखादा तरी कारखाना असतो ज्याच्या जिवावर गावाने दोन-तीन पिढ्या काढल्या. तो कुठला हे विचारायचं. फेअरफील्डला विल्यम लाउडन नावाच्या माणसाने १८६७ साली गवत उचलून बार्नच्या, म्हणजे शेतावरच्या गोठा-कोठाराच्या, माळ्यावर नेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, छताच्या आढ्याखाली एक रूळ, त्यावरून सरकणारी गाडी, खालून दोर ओढायचा. त्याआधी सगळं गवत फावड्यासारख्या काट्याने माणसं वर फेकायची. आपल्याकडे कडब्याची गंजी रचलेली ज्यांनी बघितली आहे त्यांना या यंत्राची किंमत लगेच कळेल. पुढे लाउडन कंपनी अख्ख्या बार्नचे नकाशे काढून द्यायची. गावाबाहेर गाडीने जाताना जुना बार्न दिसला तर त्याच्या पुढच्या टोकाला बघा, छप्पर चोचीसारखं पुढे आलेलं असतं. त्या चोचीखालीच रुळाचं टोक असतं.

दुसरं नाव डेक्स्टर, धुलाईच्या मशिनी बनवणारी कंपनी, अजून इथेच आहे आणि नाण्यांवर चालणाऱ्या लाँड्रीसाठी मोठ्या मशिनी बनवते. तुम्ही पुढे डॅलसला गेलात आणि तिथल्या लाँड्रीत मशिनवर डेक्स्टर लिहिलेलं दिसलं तर समजा की ती तुमच्याच गावची.

कॉलेजची गोष्ट दोन्ही बाजूंनी ऐका

आपली बहुतेक मुलं ज्या कॅम्पसवर राहतात तो आधी पार्सन्स कॉलेजचा होता. १८७५ साली प्रेस्बिटेरियन चर्चच्या लोकांनी काढलेलं साधंसं कॉलेज. १९५५ ला मिलर्ड रॉबर्ट्स नावाचे अध्यक्ष आले आणि त्यांनी दुसरीकडे नापास झालेल्या मुलांनाही प्रवेश द्यायला सुरुवात केली, काही शे विद्यार्थ्यांचं कॉलेज दहा वर्षांत पाच हजारांच्या आसपास गेलं. १९६६ ला लाइफ मासिकात टीकेचा मोठा लेख आला, १९६७ ला मान्यता गेली, आणि १९७३ ला कॉलेज कर्जात बुडून बंद पडलं. आठ-नऊ हजारांच्या गावात पाच हजार विद्यार्थी होते आणि ते काही वर्षांतच नाहीसे झाले, विचार करा खोल्या भाड्याने देणाऱ्यांचं, खानावळीवाल्यांचं काय झालं असेल.

रिकामा कॅम्पस १९७४ साली महर्षी महेश योगींच्या संस्थेने पंचवीस लाख डॉलरला घेतला आणि कॅलिफोर्नियाहून विद्यापीठ इथे आणलं. मग १९८० आणि १९८१ ला दोन सोनेरी घुमट उभे राहिले, एक पुरुषांसाठी, एक बायकांसाठी, सकाळ-संध्याकाळ एकत्र ध्यानाला बसायला. १९८३ च्या डिसेंबरमध्ये ध्यानासाठी सात हजारांच्या आसपास लोक जगभरातून या गावात आले, थंडीत. गावकरी ध्यानवाल्यांना "रूज" म्हणायला लागले, गुरू शब्दातलं शेवटचं अक्षर घेऊन. आपला संस्कृत शब्द अर्धा तोडून आयोवाच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसलाय, ऐकायला गंमत वाटते, पण सुरुवातीच्या काळात त्यात तेढही होती. २००० च्या सुमारास पार्सन्सच्या काळातलं चॅपल आणि जुन्या इमारती पाडल्या, कारण त्या स्थापत्यवेदाच्या, म्हणजे महर्षींच्या वास्तुशास्त्राच्या, नियमात बसत नव्हत्या. पार्सन्सला शिकलेली माणसं त्याबद्दल बोलताना अजून दुखावतात.

म्हणून सांगते, दोन्हीकडच्या माणसांशी बोला. चाळीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कहून ध्यानासाठी येऊन इथेच राहिलेल्या आजींशी बोला, त्यांनी घरं घेतली, दुकानं टाकली, त्यांच्यामुळेच आज मक्याच्या मधोमध या गावात शाकाहारी जेवण सहज मिळतं. आणि ज्यांच्या पणजोबांनी सव्वा डॉलर एकरने जमीन घेतली त्यांच्याशीही बोला. आपण भारतीय आहोत म्हणून पहिल्या गटाची माणसं आपल्याला चटकन जवळ घेतात, वेद, आयुर्वेद, वास्तू हे विषय निघतात, आणि तिथेच आपण अडकतो. दुसऱ्या गटाकडे स्वतःहून जावं लागतं.

गावाबाहेर

एक रविवार काउंटीत फिरायला ठेवा. रेकॉर्डरकडे नाहीतर लायब्ररीत काउंटीचं प्लॅट बुक मिळतं, प्रत्येक सेक्शनमध्ये कुठली जमीन कुणाची ते नकाशावर नावासकट, ते बघून निघा. उत्तरेला महर्षी वेदिक सिटी आहे, २००१ साली रीतसर नगर म्हणून स्थापन झालेली, सगळी घरं पूर्वाभिमुख आणि छपरावर कळस. पूर्वेला लॉकरिजच्या बाजूला न्यू स्वीडन, १८४५ ला पीटर कॅसल यांच्याबरोबर स्वीडनहून आलेल्या कुटुंबांनी वसवलेलं, तिथलं लुथरन चर्च आणि त्याचं कब्रस्तान बघा. कब्रस्तानात तारखा वाचा, एकाच आठवड्यात एकाच घरातली तीन मुलं गेलेली दिसली की साथ आली होती हे समजायचं. फुलं ठेवलेली असतील तर त्यांना हात लावू नका आणि दगडावर खडू वगैरे घासून अक्षरं उठवू नका, दगड झिजतो.

खडीच्या रस्त्याने जाताना समोरून पिकअप आला तर चालवणारा माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तो राम राम आहे. तुम्हीही उचला.

माणसांत कसं मिसळायचं

बोलणं हवेपासून सुरू करा. पाऊस झाला का, मका केवढा झालाय, बर्फ कधी पडणार. शहरातल्या माणसाला ही नुसती टाइमपास वाटते, पण शेतीच्या गावात पावसाचा प्रश्न हा खरा प्रश्न असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. धर्म आणि राजकारण पहिल्या भेटीत काढू नका. मी तलाठ्याची मुलगी आहे, आमच्याकडे ज्वारी आणि ऊस असतो, एवढं सांगितलं की इथले म्हातारे शेतकरी माझ्याशी तासभर बोलतात, त्यांना जाणून घ्यायचं असतं की एकरी किती निघतं, पाणी कुठून येतं, मजुरी किती. तुमच्या घरची शेती असेल तर आकडे आठवून ठेवा. एकर तोच आहे, चाळीस गुंठ्यांचा.

वर्षाचं चक्र समजून घ्या. मेमध्ये पेरणी, उन्हाळ्यात काउंटी फेअर, शाळकरी मुलं आपापली वासरं, डुकरं, कोंबड्या वाढवून आणतात, धुऊन पुसून रिंगणात फिरवतात आणि शेवटी लिलाव होतो. तो लिलाव चुकवू नका, बारा वर्षांचा मुलगा वर्षभर सांभाळलेल्या जनावराच्या मानेत हात घालून उभा असतो आणि भाव चढत असतो. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी चौकात आर्ट वॉक, सप्टेंबर-ऑक्टोबरात शुक्रवारी रात्री हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉल, ट्रोजन्स ही इथली टीम, खेळ कळला नाही तरी जाऊन बसा, अर्धं गाव तिथे असतं. ऑक्टोबरात काढणी, रात्री उशिरापर्यंत शेतात कापणीच्या कम्बाइन यंत्रांचे दिवे फिरताना दिसतात. त्या दिवसांत कुणालाही गप्पा मारायला बोलावू नका, वेळ नसतो.

गावाभोवती सोळा मैलांची पायवाट आहे, सायकलने एका सकाळी होते, झाडीतून, तळ्यांच्या काठाने. बर्फ पडला की आपल्या दारासमोरचा फुटपाथ उपसा, आणि शेजारी म्हातारं कुणी असेल तर त्यांचाही. मी पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या काकांचा फुटपाथ साफ केला आणि दुपारी त्यांच्या बायकोने गरम केळ्याचा केक आणून दिला, तेव्हापासून त्या घरात माझं जाणंयेणं. त्या काका पार्सन्सला शिकवायचे हे मला सहा महिन्यांनी कळलं.

वही ठेवा, आणि मागे काहीतरी ठेवून जा

जे ऐकाल ते त्याच रात्री लिहा, कुणी सांगितलं आणि कधी ते तारखेसकट. एखाद्याची आठवण रेकॉर्ड करायची असेल तर आधी विचारा. दोन माणसं एकच गोष्ट वेगळी सांगतात तेव्हा दोन्ही लिहा, कोण खरं ते लगेच ठरवू नका, लेजरचा त्या आठवड्याचा अंक काढून बघा.

आणि एक काम जे जवळजवळ कुणीच करत नाही. म्युझियममध्ये पार्सन्सच्या मुलांचे फोटो असतात, स्वीडिश कुटुंबांचे असतात, लाउडनच्या कामगारांचे असतात. आपली इतकी मुलं या गावात राहून गेली, त्यांनी इथे भाड्याच्या घरात गणपती बसवले, पहिला बर्फ बघून पहाटे रस्त्यावर आली, अरुंद स्वयंपाकघरात दहा जणांच्या पोळ्या लाटल्या, त्याचा एक कागद इथल्या दप्तरात नाही. सगळं फोनमध्ये, आणि फोन बदलला की गेलं. जायच्या आधी चार-पाच फोटो चांगल्या कागदावर छापून घ्या आणि लायब्ररीत किंवा म्युझियममध्ये जाऊन विचारा की हे ठेवून घ्याल का. फोटोच्या मागे तारीख, रस्त्याचं नाव, आणि फोटोतल्या सगळ्यांच्या संमतीने त्यांची पूर्ण नावं डावीकडून उजवीकडे लिहा. मऊ पेन्सिलने लिहा, पेनने नको, शाई काही वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते.